वरचं टोक

नणंद-भावजय एकाच प्रयोगशाळेत कामाला असल्या की लोकांना वाटतं, रोज फुकटचा तमाशा बघायला मिळणार. आमच्याकडे तो मिळतोच. फरक इतकाच, की भांडते ती मी एकटी. वहिनी चिखल बघत बसलेली असते.

चिखल म्हणजे समुद्राच्या तळाचा. जहाजावरून लांबलचक नळी तळात रुतवायची, चिखलासकट वर ओढायची, डेकवर तिचे तुकडे करायचे आणि दोन्ही तोंडांना टोपणं लावायची. वरच्या तोंडाला निळं, खालच्याला पांढरं. मग ते तुकडे माझ्या थंड खोलीत येतात. मी ते उभे चिरते. एक फाक कामासाठी, दुसरी राखीव. राखीव फाकेला न विचारता कुणी बोट लावलं तर मी काय करीन, हे साहेबांनाही ठाऊक आहे.

मला चिखल म्हणजे चिखल. वहिनीला त्यात गणगोत दिसतं. हा नदीने वाहून आणला, हा वाऱ्याने वाळवंटातून उडवला, ही ज्वालामुखीची राख. आणि तो पांढुरका दिसतो ना, ती माती नव्हेच. पाण्यात तरंगणारे इवलेइवले जीव मेले की त्यांची कवचं खाली पडत राहतात, त्यांचा तो थर. फार खोल पाण्यात तीही विरघळतात आणि तळाशी नुसती तांबडी माती उरते. हजार वर्षं गेली तरी तिचा थर नखाच्या जाडीचा. हे सांगताना वहिनीचा चेहरा असा होतो, जशी काही माहेरची हकिगत सांगतेय. चिमूटभर चिखल ती पुढच्या दातांत धरून बघते. करकरला तर कण जाड, लोण्यासारखा गेला तर बारीक. इतकं काय काय तोंडात घालणारी बाई माझ्या भाजीत मीठ जास्त झालं म्हणते. पण खरं सांगते, तिच्यासारखं बघणारं माणूस मी दुसरं बघितलेलं नाही. मी वहिनी म्हणते म्हणून अख्खी प्रयोगशाळा तिला वहिनीच म्हणते, डेकवरची माणसंसुद्धा.

यंदा जहाज कुठे पाठवायचं ते ठरवायला बैठक होती. वहिनीचं सगळं म्हणणं एका जुन्या तुकड्यावर उभं होतं. त्यात खालून वर वाळवंटाची धूळ वाढत गेली होती, म्हणजे त्या काळात वाळवंट पसरत होतं. त्याच जागी परत जाऊन आणखी खोल नळी रुतवायची, एवढंच तिला हवं होतं. पुढच्या वर्षी ती निवृत्त होणार, त्यामुळे जायचं तर आत्ताच. जहाजावर पाय ठेवला की ओकायला लागणारी बाई, पण जायला ही उतावीळ. माझ्या दादाने तर तिची बॅगही भरून ठेवली होती.

बैठकीच्या आदल्या दिवशी, साहेबांना दाखवायला म्हणून त्या तुकड्याची राखीव फाक काढली. कामाची फाक इतक्या वर्षांत चमच्याचमच्याने उकरून संपली होती. मी पात्याने वरचा वाळलेला पापुद्रा खरवडला, तशी आत राखेची एक काळी रेघ दिसली. वहिनी वाकली आणि वाकलेलीच राहिली. मला वाटलं, कंबर धरली.

"टोपणं उलटी आहेत," ती म्हणाली.

मग तिने रेघ दाखवली. राख पडते ती एकदम, म्हणून तिची खालची कड सुरीने कापल्यासारखी असते. नंतर चिखलातले किडे तिला वर उकरत राहतात, म्हणून वरची कड पुसट होते. इथे पुसट कड पांढऱ्या, म्हणजे खालच्या टोपणाकडे होती. म्हणजे तुकडा उलटा, आणि वाळवंटही उलटं. ते पसरत नव्हतं, आक्रसत होतं. टोपणं कुणी लावली, हे मी विचारायच्या आत तिनेच सांगितलं. तिनेच लावली होती, एका हातात ओकायची बादली धरून.

खोलीत आम्ही दोघीच होतो. मी सरळ म्हटलं, "वहिनी, गप्प बस. जहाज एकदा सुटू दे, मग काय ते सांग."

ती रागावली नाही. राखेवर हलकेच ओलं फडकं टाकलं आणि म्हणाली, "अगं, तो चिखल सरळच पडला होता. उलटा मी केला."

दुसऱ्या दिवशी तिने सगळ्यांसमोर ती फाक टेबलावर अर्धी गोल फिरवली, रेघ दाखवली, चूक आपलीच म्हणून सांगितलं आणि खाली बसली. जहाज दुसऱ्या गटाला गेलं. दादाने बॅग रिकामी केली. मी आठवडाभर दारं आपटत होते. वहिनीवर चिडले होते आणि तिचा अभिमान इतका वाटत होता, की त्यानेच जास्त चिडायला होत होतं. ती मात्र टोपणं बदलून पहिल्यापासून सगळं नव्याने मांडायला बसली होती.

जहाज परत आलं. नळ्या उतरवून घेताना बघते तर प्रत्येकीच्या अंगावर या टोकापासून त्या टोकापर्यंत जाड काळ्या शाईचा बाण. हे काय नवीन खूळ, म्हणून मी डेकवरच्या फोरमनवर खेकसले.

"नियम झालाय आता," तो म्हणाला. "टोपणाआधी बाण काढायचा, टोक वरच्या बाजूला. टोपण बदलू शकतं, अंगावरचा बाण नाही. आम्ही त्याला वहिनीचा बाण म्हणतो."

मी तशीच आत गेले आणि वहिनीला हाताला धरून घेऊन आले. तिने सगळं ऐकून घेतलं. बाणावरून बोट फिरवलं, चष्मा काढून पुसला, पुन्हा पुसला. माझे डोळे तर केव्हाच वाहायला लागले होते. आता ही काहीतरी छान बोलेल, म्हणून मी वाट बघत राहिले.

"चीर," ती म्हणाली. "आणि आधी राख शोध. बाणही माणसानेच काढलाय."

मी डोळे पुसले आणि पातं हातात घेतलं.