हजेरीतली मयुरी

"पोरीले दोन दिवस घरी ठेवान, तं तिसऱ्या दिवशी ते येनार नाई, सूनबाई," देवकाबाई मला म्हणाली होती. ती आमच्या जिल्हा परिषद शाळेत खिचडी रांधते. तेव्हा तांदूळ निवडत बसली होती. मी हसले. दोनच दिवसांचा प्रश्न आहे, म्हटलं, आणि शाळा वाचली तर तुझी चूलही वाचेल. ती सुपातले खडे वेचत राहिली.

आमची शाळा चौथीपर्यंत. अल्लीपूरपासून आठ किलोमीटर आत. पट बरोबर वीस. वीसच्या खाली गेला की शाळा बंद करून मुलांना मोठ्या गावात पाठवतील, असं दोन वर्षं कानावर येत होतं. माझी सुरभी तिसरीत. तिला रोज पंधरा पोरं कोंबलेल्या ऑटोत बसवायला मी तयार नव्हते. मी बी.एस्सी. झालेली, शाळा व्यवस्थापन समितीत, घरी लॅपटॉप. म्हणून वाचनाच्या सरकारी तपासणीआधी शाळेच्या रूपराव सरांनी मुलांचा तक्ता माझ्याकडे दिला. नाव, जात, आईबापांचं काम, वाचनाचा स्तर. स्तर म्हणजे मूल अक्षरावर आहे, शब्दावर आहे, की सगळी गोष्ट वाचतं.

सोळा मुलं बरी होती. चार अक्षरावर अडकलेली. चौघंही नाल्यापलीकडच्या आदिवासी वस्तीतली, मडावी-उईक्यांची. आईबाप मजुरीला, वर्षातले चार महिने बाहेर. तक्त्यात चौघांपुढे जातीच्या रकान्यात एकच शब्द आला. मला तो दिसला. मी रकान्याची रुंदी नीट केली.

मुलं वाचत नाहीत असं दिसलं तर पटाचा विषय निघणार, ही सरांची भीती. गैरहजर जास्त दिसले तरी तेच. तोड मी सुचवली. चौघांना घरी ठेवायचं, हजेरी मात्र भरायची. सरांनी चष्मा पुसला. मग म्हणाले, तुम्हीच सांगून या ताई, तुमचं ऐकतील.

मयुरी उईकेच्या घरी तिची आजी, तानाबाई, भेटली. दोन दिवस सुट्टी आहे म्हटल्यावर ती म्हणाली, "आमच्याच पोराईले काऊन?" आळीपाळीने देतोय, मी सांगितलं. मयुरी दारात बसून ऐकत होती. नऊ वर्षांची, डाव्या भुवईला मधोमध कापल्याची खूण. मग खिचडी भेटन का, एवढंच तिने विचारलं. डब्यात पाठवते, म्हटलं. पाठवायची राहून गेली.

तपासणीच्या साहेबांना डोकी मोजायला वेळ नव्हता. त्यांनी हजेरीपट उघडून बोट ठेवलं. अकरावं नाव. मयुरी उईके. सरांनी माझ्याकडे पाहिलं. सुरभी पुढच्याच रांगेत होती. मी तिच्या पाठीला हात लावला, जरासा रेटा दिला. पोरगी हुशार आहे. उठली, कोल्ह्याची गोष्ट न अडखळता वाचली, आणि नाव विचारलं तेव्हा "मयुरी" म्हणाली. मजुराच्या घरची पोर अशी वाचते, म्हणून साहेब खूश. खिशातला पेन त्यांनी तिला दिला.

तेव्हा मला खिडकीच्या गजांवर दोन हात दिसले. मयुरी डबा घेऊन खिचडीला आली होती.

तिसऱ्या दिवशी ती शाळेत आली. मी देवकाबाईला मुद्दाम बोलावून दाखवलं. मधल्या सुट्टीत पोरं तिच्याभोवती जमली. "वाच ना व मयुरी, साहेबाले तं मस्त वाचून दाखोलं तू." सुरभी तो पेन तिच्या नाकापुढे नाचवत होती. मयुरीने खरंच पुस्तक उघडलं. 'को' म्हणाली, 'ल' म्हणाली आणि थांबली. हसणाऱ्यांत मोठा आवाज माझ्या पोरीचा होता. मी व्हरांड्यात उभी होते. घंटा झाली की आत जातील, म्हणून उभीच राहिले.

त्यानंतर मयुरी आली नाही. दिवाळी झाल्यावर आईबापांनी तिला वीटभट्टीवर नेलं, धाकट्याला सांभाळायला. ठेकेदार कुठे घेऊन गेला ते तानाबाईला माहीत नाही. दीड महिना झाला, लेकाचा फोन बंद आहे. मध्यंतरी शाळाबाह्य मुलं शोधायला माणसं येऊन गेली. आमच्या गावात एकही सापडलं नाही. मयुरी पटावर आहे, रोज हजर आहे, वाचनस्तर 'गोष्ट'. तो शब्द मीच टाइप केला.

गेल्या आठवड्यात तानाबाई शाळेत आली. पोलीस ठाण्यात तक्रार द्यायची होती, तिथे त्यांनी शाळेचा कागद मागितला, पोर कधीपासून येत नाही त्याचा. सरांनी तिला खुर्ची दिली, चहा मागवला आणि समजावलं की हजेरीत पोरगी कालही होती. आता नाही म्हणून लिहायचं कसं? तानाबाई माझ्याकडे वळली.

"तुमी शिकल्यासवरल्या हा, बाई. लिहून द्या ना. पोरगी इथं नाई, एवढंच लिवा."

वर्ग सुटायला पाच मिनिटं होती. आतून सुरभीचा आवाज येत होता, पाढे म्हणत होती. मी म्हटलं, सर बरोबर सांगताहेत आजी, शाळा राहिली तरच मयुरी परत येईल ना. तानाबाई चहा न पिता उठली. तो कप देवकाबाईने उचलला आणि माझ्या पायांजवळच ओतला.

कागद मी अजून लिहिलेला नाही. सुरभी शाळेत चालत जाते. ओट्यावरून मला ती फाटकापर्यंत दिसते.

तुमच्या गावाजवळ वीटभट्टी असेल तर एकदा जाऊन या. कडेवर मूल घेतलेली नऊ-दहा वर्षांची पोर दिसली तर तिची डावी भुवई बघा. तिच्या हातात वाचायला काही देऊ नका. नाव विचारा, आणि ती सांगेपर्यंत थांबा. मग इकडे येऊन तानाबाई उईकेचं घर विचारा, नाल्यापलीकडे कोणीही दाखवेल. मला नाही कळवलं तरी चालेल. तिला कळवा.