चालवायला कशी आहे

बॉनेटवरून बोट फिरवत पेपरातल्या वाहन-समीक्षकांनी नव्या गाडीभोवती एक चक्कर मारली आणि पुढच्या दिव्यांपाशी ते थांबले.

"डोळे बारीक केलेत, रागीट दिसावी म्हणून," ते म्हणाले. "पण मागून बघा, पार फतकल मारून बसलीय. पुढून वाघ, मागून म्हैस."

कंपनीचा मॅनेजर खो खो हसला. कॅमेरावाल्यानं तेवढ्यात फोटो टिपला. दोन पावलं मागे, पर्स काखोटीला मारून, समीक्षकांची बायको उभी होती. तीही हसली. गाडीच्या दिसण्यावर बोलावं तर यांनीच, त्यात तिनं कधी नाक खुपसलं नव्हतं.

चालवण्याची गोष्ट वेगळी. काही वर्षांपूर्वी यांच्या हातून अपघात झाला, तेव्हापासून यांनी स्टिअरिंगला हात म्हणून लावला नव्हता. कंपन्या दोन दिवसांसाठी गाडी घरी पाठवत. पहाटे रिकाम्या रस्त्यावर ती चालवायची आणि हे शेजारी दार घट्ट धरून बसायचे. "वेगात स्टिअरिंग फारच हलकं होतंय हो, भरवसा वाटत नाही," असं ती म्हणायची आणि रविवारच्या पुरवणीत तेच वाक्य यांच्या फोटोखाली छापून यायचं. तिची त्याला कधी ना नव्हती. झोपेत दचकून उठणाऱ्या या माणसाचं गुपित तिनं सख्ख्या बहिणीलाही सांगितलं नव्हतं.

पण गेल्या आठवड्यात संपादकांकडे जेवताना याच मॅनेजरनं सहज विचारलं, वहिनींनाही गाड्यांचा नाद आहे का?

"हिला? हिला क्लच आणि ब्रेक ओळखता आला तरी पुष्कळ झालं!"

गुपित झाकायलाच बोलले असतील. पण टेबलावरचे सगळे हसले तेव्हा हेही हसले, अगदी डोळ्यांत पाणी येईपर्यंत. तेव्हा तिच्या डोक्यात जी तिडीक गेली, ती अजून उतरली नव्हती.

"चला साहेब, आता एक फेरी होऊन जाऊ दे," मॅनेजरनं किल्ली पुढे केली. "व्हिडिओ करायचाय."

"आत्ता? घरी पाठवा की नेहमीसारखी. निवांत बघतो."

"छे छे! तुमचा चेहरा हवा स्टिअरिंगवर. लोक तुमचंच मत वाचून गाडी घेतात."

समीक्षकांनी बायकोकडे पाहिलं. अशा वेळी तिचं डोकं दुखायला लागे, नाहीतर डॉक्टरांची वेळ होई, आणि दोघं तिथून निसटत. आज तिनं शांतपणे मागचं दार उघडलं.

"मीही येते. बघू तरी, चालवायला कशी आहे."

ती आत बसली. किल्ली हातात पडल्यावर यांनाही बसावंच लागलं. दारं लागली, काचा बंद झाल्या. बाहेर कॅमेरा समोर येऊन उभा राहिला.

"अगं, असं काय करतेस?" ते ओठ न हलवता म्हणाले. "सांग ना काहीतरी त्यांना. तुझ्या पाया पडतो."

"मी काय सांगणार? मला क्लच आणि ब्रेकसुद्धा ओळखता येत नाही."

आरशात त्यांची नजर तिच्या नजरेला भिडली आणि लगेच खाली गेली. त्यांनी गाडी सुरू केली, गिअर टाकला. क्लच सुटला तशी गाडी हिसका देऊन पुढे उडाली आणि बंद पडली. साहेब गंमत करताहेत असं वाटून बाहेर मॅनेजरनं टाळ्या वाजवल्या.

त्यांची मान घामानं निथळत होती. सवयीनं तिचा हात त्यांच्या खांद्याकडे गेला. मध्येच तिनं तो वळवला, पट्टा ओढून खटकन लावला आणि टेकून बसली.

"मागे जागा ऐसपैस आहे," ती म्हणाली. "तेवढं माझ्या नावानं छापा."