बर्फाच्या फावड्याला धुळ्याची मूठ

सरदार मिस्त्रींनी आयुष्यात बर्फ पाहिला होता तो दोनच ठिकाणी. एक नईमच्या गोळ्याच्या गाडीवर आणि दुसरा लग्नातल्या पाण्याच्या पिंपात. एवढ्या दांडग्या अनुभवावर हा माणूस कॅनडातलं बर्फ ओढायचं फावडं सुधारायला निघाला होता, आणि निघाला तो सगळ्या मोहल्ल्याला सांगून. झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणतात. पण सरदार मिस्त्रींना काही झाकून ठेवता आलं असतं तर आणखी काय हवं होतं!

धुळ्यात पारोळा रोडला त्यांचं पत्र्याचं वर्कशॉप. वखर, कोळपी, ट्रॉलीचे हूक, फावड्या-कुदळींचे दांडे, सगळं तिथं व्हायचं. ‘लोखंड मोडेल, पण सरदारची वेल्डिंग मोडणार नाही’ असं लोक म्हणायचे. म्हणजे म्हणायचे सरदार मिस्त्रीच, लोक फक्त नाही म्हणत नसत. त्यांचं दुसरं एक वाक्य याहून गाजलेलं होतं: ‘मिस्त्रीचा हात हाच त्याचा हातमोजा.’ चाळीस वर्षं उघड्या हातानं वेल्डिंग केलं आणि चाळीस वर्षं हे वाक्य ऐकवलं. आता साठी उलटल्यावर कधी कधी वाटायचं, की या वाक्याऐवजी एक हातमोज्यांचा जोड विकत घेतला असता तर बरं झालं असतं. पण हे वाटणं ते कोणाला सांगत नसत.

त्यांची लेक कशिश जळगावला नर्सिंग शिकून दोन वर्षांपूर्वी कॅनडाला गेली. तिथं वृद्धाश्रमात नोकरी, आणि राहायला एका घराचं तळघर. घरमालकाची अट अशी, की ड्यूटीवर जाण्याआधी दारातला बर्फ भाडेकरूनं ओढायचा. डिसेंबरात एकदा व्हिडिओ कॉलवर ती कमरेला हात लावून बसलेली दिसली.

“काय झालं गं?” आई नूरबीनं विचारलं.

“काही नाही, अम्मी. फावडं भरलं की दांडा हातात फिरतो. मग फावडं कलंडतं आणि सगळा भार कमरेवर येतो. इथं दांड्याच्या मध्यावर लावायला दुसरी मूठ मिळते, ती लावली होती. प्लास्टिकची. आठवड्यात तुटली.”

दांडा हातात का फिरतो हे मायलेकींना आणि मागे बसलेल्या मिस्त्रींना, तिघांनाही माहीत होतं.

कशिश नऊ वर्षांची असताना अब्बांचा डबा घेऊन वर्कशॉपात आली होती. नुकताच कापलेला सळईचा तुकडा खाली पडला होता. लाली जाऊन काळा पडलेला, दिसायला अगदी गरीब. पोरीनं तो अब्बांना द्यायला उचलला. सरदार मिस्त्रींची पाठ होती. ते वळले तेव्हा उशीर झाला होता. उजव्या हाताची तीन बोटं तेव्हापासून पुरती मिटत नाहीत. त्या दिवसानंतरही पोर डबा आणायची, पण उंबऱ्याच्या आत कधी आली नाही. डबा बाहेरच्या स्टुलावर ठेवायची आणि “अब्बा, डबा” म्हणून निघून जायची. अठरा वर्षांत तिनं त्या दुकानातला एक खिळासुद्धा मागितला नव्हता. सरदार मिस्त्रींनीही त्या दिवसाबद्दल एक शब्द काढला नव्हता. सगळ्या गावाला बोलून दमवणारा माणूस तेवढ्या एका गोष्टीला मुका होता.

“मी करून पाठवतो मूठ,” ते एकदम म्हणाले.

“राहू द्या अब्बा. मी दुसरी घेईन.”

“घेईन म्हणे! बाप काय मेलाय?”

झालं. दुसऱ्या दिवशी चहाच्या टपरीवर कॅनडाचा बर्फ आणि सरदार मिस्त्रींची मूठ यांशिवाय विषय नव्हता. वरवर बढाई चालली होती, पण आत एकच गोष्ट होती. आपल्या हातचं एक तरी काम तिच्या त्या हाताला लागावं आणि त्यानं तिला सुख व्हावं. ही मूठ तिनं वापरली नाही, तर पुन्हा द्यायला आपल्याजवळ दुसरं काही नाही, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं.

कशिशकडून दांड्याची जाडी कळली. तेवढ्या जाडीचा पाइप घेतला, निळं प्लास्टिकचं पिंप कापून पातं बनवलं आणि नकली फावडं तयार झालं. दोन अर्धगोल पट्ट्यांचा क्लॅम्प, आतून सायकलच्या ट्यूबचं रबर, दोन बोल्ट, आणि वर पाइप वाकवून केलेली कडीसारखी मूठ. आता प्रश्न आला, ते चालवून बघायचं कशावर?

बर्फ पांढरा. खानदेशात पांढरं काय? कापूस! वा सरदार मिस्त्री, तुम्ही थोर. (स्वतःला ते ‘तुम्ही’ फक्त गाढवपणा केल्यावरच म्हणत.) फावडं एसटीत घालून ते थेट धरणगावला झुलाल आबांकडे गेले. आबा जुने गिऱ्हाईक. त्यांच्या ओसरीत वेचणीचा कापूस आढ्याला लागला होता. सरदार मिस्त्रींनी त्यात फावडं खुपसलं, उचललं आणि मूठ सुतभर हलली नाही म्हणून छाती फुगवली.

“सरदारभाऊ,” आबा पान चघळत म्हणाले, “हाऊ कापूस शे, बरफ नही. दोन्ही पांढरा शेतस, एवढंच.”

मिस्त्रींना पटलं. वजन हवं. त्यांनी कोपऱ्यातल्या पाण्याच्या बादलीकडे नुसतं पाहिलं, तर आतून आबांच्या पत्नी मंजुळाबाई ओरडतच आल्या, “पानी नका टाका भाऊ! बठ्ठा कापूस काया पडी जाई!” सगळा कापूस काळा पडण्याआधी फावडं घेऊन ते आल्या पावली परतले. बसमध्ये कंडक्टरनं विचारलं, हे काय आहे. ते म्हणाले, “काही नाही, डोकं ठिकाणावर नसल्याचं सर्टिफिकेट.”

मग नईम त्यांना धुळ्याच्या बर्फाच्या कारखान्यात घेऊन गेला. थंडीचे दिवस, कारखाना अर्धा झोपलेला. तिथं चुरा केलेल्या बर्फाचा ढीग मिळाला आणि मूठ खरोखर कामाला लागली. क्लॅम्प पहिल्याच घावाला सरकला. रबर दुहेरी केलं. मग पट्टी वाकली, म्हणून जाड पट्टी घेतली. चौथ्या खेपेला कुठं काम जमलं. हात बधिर झाले की काखेत घालायचे आणि पुन्हा लागायचं. एकदा तोल सावरताना त्यांनी ओल्या हातानं भिंतीवरची बर्फ साचलेली नळी धरली. तळवा चिकटला! नईमनं धावत येऊन पाणी ओतलं, तरी रुपयाएवढी कातडी नळीवर राहिलीच.

“चाचा, गार लोखंड चावतं हां,” नईम म्हणाला.

“चाळीस वर्षं तापलेलं चावलं नाही, हे काय चावणार!” मिस्त्री हसले आणि तळव्यावर फुंकर घालत पुन्हा क्लॅम्पबद्दलच विचार करू लागले. समोर ताट वाढलेलं असावं आणि माणसानं हात धुऊन उठून जावं, तसा समोर आलेला धडा त्यांनी त्या दिवशी सोडला. पण ते कळायला अजून महिना होता.

राहिलं हाताचं माप. ते कशिशला विचारायचं म्हणजे हाताचा विषय काढायचा. ते काही होईना. मग त्यांनी नूरबीला वर्कशॉपात बोलावलं. मायलेकींच्या बांगड्यांचं माप एकच होतं.

“हात दे.”

“या वयात?” नूरबी लाजलीच. आजूबाजूला पाहून तिनं हात पुढे केला.

मिस्त्रींनी तिचा हात पाइपावर ठेवला, अंगठा वळवला, आणि मग शेवटची तीन बोटं एकेक करून अर्धवट मिटवली. करंगळी थोडी जास्त, मधलं बोट सगळ्यात कमी. नूरबी हसायची थांबली.

“तुम्हाला एवढं पाठ आहे?”

“मूठ थोडी तिरकी द्यावी लागेल,” ते खाली बघत म्हणाले. “म्हणजे तिला बोटं पुरती मिटावी लागणार नाहीत.”

त्या तिरक्या मापानं मूठ झाली. हात आत गेला की चपखल बसावा, सुतभर सैल नको. शेवटी घासून-पुसून लोखंड असं चमकवलं की त्यात मिस्त्रींची दाढी दिसे. क्लॅम्पला वीस किलो वजन टांगून तीन दिवस ठेवलं, जागचा हलला नाही. जळगावचा हितेंद्र नावाचा एक पोरगा कशिशच्याच शहरात शिकत होता, सुट्टी संपवून परत निघाला होता. त्याच्या बॅगेत मूठ गेली.

जानेवारीतल्या एका संध्याकाळी फोन आला. तिकडे सकाळ. वर्कशॉपात अर्धा मोहल्ला जमला होता. मिस्त्रींनीच बोलावलेला, दुसरं कोण बोलावणार? नईम होता, शेजारचा हार्डवेअरवाला भिकन होता. झुलाल आबा तर वखर दुरुस्तीचं निमित्त काढून धरणगावाहून आले होते. नूरबीनं फोन धरला होता.

पडद्यावर पांढरंच पांढरं. त्यात फुगलेल्या कोटातली कशिश. फावड्यावर धुळ्याची मूठ चमकत होती.

“रात्रीच बसवली, अब्बा. क्लॅम्प एकदम घट्ट आहे. पहिल्यांदाच बाहेर आणलीय.”

“बघा!” मिस्त्री सगळ्यांकडे वळले.

कशिशनं हात पुढे केला. तिच्या हातात उशीएवढा जाड हातमोजा होता. तो मुठीत जाईना. तिनं तिरका करून पाहिला, दोनच बोटं घालून पाहिली. जाईना.

वर्कशॉपात कोणी हसलं नाही, ते जास्त वाईट होतं. भिकन वर पत्र्याकडे बघू लागला. वा सरदार मिस्त्री, तुम्ही थोर. वीस किलो टांगलंत, कापूस उपसलात, बर्फ उपसलात, बायकोचा हात धरलात. आणि बर्फात माणूस हातमोजे घालतो हे धुळ्यात एकाच्याही डोक्यात आलं नाही. कसं येणार? हातमोज्यांची चाळीस वर्षं टिंगल केलेला माणूस तुम्ही!

“थांबा, तसाच धरून बघते,” असं म्हणत कशिशनं दातानं हातमोजा ओढून काढला आणि उघडा हात त्या चमकत्या लोखंडाकडे नेला.

लोखंड दिसायला अगदी गरीब होतं.

“हात लावू नको!” सरदार मिस्त्री असे ओरडले की नूरबीच्या हातातून फोन पडता पडता राहिला. “कशिश! हात मागे घे! चिकटेल, कातडी जाईल, मागे घे म्हणतो ना!”

तिचा हात बोटभर अंतरावर थांबला. नईमनं आपोआप मिस्त्रींच्या तळव्याकडे पाहिलं. मिस्त्री तिथंच स्टुलावर बसले.

कशिशनं फोनकडे पाहिलं. मग म्हणाली, “या वेळी वेळेवर ओरडलात, अब्बा.”

ती चेष्टेनंच म्हणाली. पण सरदार मिस्त्रींच्या डोळ्यांतून पाणी आलं, सगळ्यांदेखत, आणि त्यांनी ते पुसलंही नाही.

“चूक माझी होती, बेटा,” ते म्हणाले. “आजची पण आणि त्या दिवसाची पण. मी पाठ करून उभा होतो. तुला सांगायला पाहिजे होतं, काळं दिसलं तरी तापलेलं असतं म्हणून. नाही सांगितलं. नंतरही काही बोललो नाही.”

झुलाल आबांनी नईमला, भिकनला आणि बाकी सगळ्यांना खुणेनं बाहेर काढलं.

कशिशनं हातमोजा पुन्हा चढवला. नाक ओढलं. थंडीनं असेल. “मूठ तिरकी केलीत ना? अम्मीनं सांगितलं मला. रात्री घरात धरून बघितली होती. एकदम बरोबर बसते, अब्बा. आजवर कुठलीच मूठ अशी बसली नव्हती.” मग ती म्हणाली, “दुसरी करा. हातमोज्याच्या मापाची. पण एक अट आहे.”

“बोल.”

“आधी तुम्ही हातमोजे घाला. घालून काम करा आणि रोज मला दाखवा. नाही घातले तर ती मूठ मी वापरणार नाही.”

फोन संपताच मिस्त्रींनी भिकनचं दुकान गाठलं. भिकननं दुकानातला सगळ्यात जाड चामड्याचा जोड काढला आणि विचारलं, “कोणासाठी, मिस्त्री?” त्याला माहीत होतं, तरी विचारलंच. “माझ्यासाठी,” मिस्त्री म्हणाले. “आणि पिशवीत घालू नको, घालूनच जातो.”

पुढचे आठ दिवस वर्कशॉपात बोल्ट पडण्याचा आवाज घुमत राहिला. हातमोज्यातून नट धरता येईना, पट्टी उचलता येईना. मिस्त्री स्वतःला अहिराणीत, हिंदीत आणि मराठीत शिव्या देत. पण काढत नसत. नवी मूठ झाली. तिरकी तीच, पण ऐसपैस, आणि या खेपेला लोखंड चमकवलं नाही, दुहेरी रबरानं पुरतं गुंडाळलं. कुरियरनं ती फेब्रुवारीत पोचली.

त्या संध्याकाळी वर्कशॉपात मिस्त्री एकटेच होते. त्यांनी कोणालाच बोलावलं नव्हतं. पडद्यावर कशिशचा जाड हात मुठीत सहज गेला. तिनं फावडं भरलं, उचललं, बाजूला टाकलं. दांडा फिरला नाही. दुसऱ्यांदा भरलं. कमर वाकली नाही.

“तुमचे दाखवा,” ती म्हणाली.

मिस्त्रींनी दोन्ही हात पडद्यासमोर धरले.

“शाब्बास. आता ठेवते हं अब्बा, फोन खिशात टाकते. तुम्हीच बंद करा, माझ्या हातमोज्यानं होत नाही.”

मिस्त्रींनी लाल बटणावर बोट टेकवलं. काही होईना. पुन्हा टेकवलं. चामड्याचं बोट, फोनला कुठं कळणार! पडदा काळा झाला होता, पण आतून फावड्याचा आवाज येत होता. खर्र, धप्प. खर्र, धप्प. एका लयीत, न अडखळता.

हातमोजा काढला असता तर बंद झाला असता. मिस्त्रींनी तो काढला नाही. दारातला सगळा बर्फ निघेपर्यंत ते फोन कानाशी धरून बसून राहिले.