विषाणुमुक्त मातीचा दाखला

साथ ओसरून वर्ष झालं तरी लोक दाराची कडी कोपराने उघडत होते. भाऊजींनी ती भीती अचूक हेरली. त्यांचा कुंड्यांच्या मातीचा कारखाना होता. त्यांची बायको, ताई, पिशव्या भरायचं खातं सांभाळायची आणि तिची धाकटी बहीण मागच्या पत्र्याच्या खोलीत माती तपासायची. तिच्या सहीशिवाय एकही पिशवी फाटकाबाहेर पडत नसे.

एका सकाळी भाऊजींनी तिच्या टेबलावर नव्या पिशवीचा नमुना आपटला. हिरव्या पानाखाली ठळक अक्षरं होती : ‘शंभर टक्के विषाणुमुक्त’.

“दाखला लिही. महिनाअखेरच्या शुक्रवारी विक्रेत्यांची सभा आहे.”

“भाऊजी, चमचाभर मातीत अब्जावधी विषाणू असतात.”

“मग मार त्यांना.”

“त्यांना मारायचं तर मातीतलं सगळंच मरेल.”

“पंडितीणबाई, व्याख्यान नको. वाफेच्या टाकीत घाल आणि मोकळी हो.”

तिने घातली. वाफवलेली माती एका ट्रेमध्ये, साधी दुसऱ्यात, दोन्हींत टोमॅटोचं बी. दहा दिवसांत वाफवलेल्या मातीवर पांढरी बुरशी कापसासारखी पसरली. तिला अडवायला तिथे कुणी उरलंच नव्हतं. तिथली निम्मी रोपं बुडख्याशी मऊ होऊन आडवी पडली; साध्या मातीतली ताठ उभी होती. तिने दोन्ही ट्रे भाऊजींच्या पुढ्यात नेऊन ठेवले.

“बुरशीचं मी विचारलंय का? विषाणू गेले ना?”

“वाफवली त्या दिवशी गेले. हवेतून, पाण्यातून, हातांवरून एव्हाना परत यायला लागले असतील.”

“सही करतेस की नाही?”

“नाही.”

“सही करणारे छप्पन्न मिळतील,” भाऊजी म्हणाले आणि दोन दिवसांत त्यांनी कुठूनसा शिक्का मारलेला कागद आणलाही. पिशव्या छापून आल्या.

सभेच्या आदल्या दिवशी ताई तिच्या खोलीत डोकावली. “उद्या सभेला येऊ नकोस. घरात तमाशा नको. तोंडाला कुलूप लाव.”

“लावते. किल्ली तू सांभाळशील?”

ताई तिच्याकडे एकदा बघून निघून गेली.

शुक्रवारी ती पांढरा कोट घालून, हातात जिवाणू वाढवायची काचेची बशी, पेट्री डिश, घेऊन सरळ सभेत शिरली. भाऊजी तो कागद वाचून दाखवत होते. पहिल्या रांगेतल्या टकल्या बियाणेवाल्याने तिला विचारलं, “तपासणी तुम्हीच करता ना? खरंच एकही विषाणू नाही?”

“आहेत. भरपूर आहेत.”

“खाली बस!” भाऊजी ओरडले.

“नाही बसणार.” तिने डिश उजेडात धरली. दुधाळ थरात मोहरीएवढी स्वच्छ भोकं दिसत होती. “हा थर जिवाणूंचा. मोकळे सोडले तर एकच जात सगळं बळकावून बसते. यात मी आपल्या मातीचं पाणी घातलं, जिवाणू अडकतील अशा बारीक गाळणीतून गाळून. जिथे भोक दिसतं, तिथे विषाणूंनी जिवाणू फोडलेत. फुटलेल्या जिवाणूतलं सत्त्व मातीत सांडतं, त्यावर बाकीचे जगतात, त्यातलंच थोडं मुळांना मिळतं. इतकी वर्षं तुम्ही हेच विकताय.”

“माणसाला काही करतात का?” मागून कुणीतरी विचारलं.

“यातल्या बहुतेकांचं गिऱ्हाईक जिवाणू. आपल्याकडे ते ढुंकूनही बघत नाहीत. बाहेरून आल्यावर हात मात्र धुवा, ते मातीत आणखीही काही असतं म्हणून.”

“किती प्रकारचे आहेत?” बियाणेवाल्याने विचारलं.

“विद्यापीठात एक नमुना पाठवला होता. हजारो प्रकार निघाले. शंभरातल्या नव्वदांपुढे ‘अनोळखी’ असं लिहून आलं.”

“म्हणजे घातकच समजायचे!”

“तुम्हीही मला अनोळखीच आहात, काका. मी तुम्हाला वाफवायला निघाले का?”

सभा खो खो हसली. भाऊजी हसले नाहीत. दोन दुकानदार तिथल्या तिथे उठून गेले. भाऊजींनी सगळ्यांदेखत तिला सांगितलं, “उद्यापासून फाटकात पाऊल टाकायचं नाही.”

दुसऱ्या दिवशी कारखाना उघडला, पण भराईचं मशीन सुरू झालं नाही. ताई त्याच्यासमोर स्टूल टाकून हाताची घडी घालून बसली होती. “ती आत आल्याशिवाय बटण दाबणार नाही,” तिने नवऱ्याला सांगितलं. “आणि तो खोटा शब्दही माझ्या हातून बाहेर जाणार नाही.” भाऊजींनी आदळआपट केली, विनवण्या केल्या. तिसऱ्या दिवशी त्यांनी काळ्या रंगाचा डबा आणि चार ब्रश मागवले. एकेका पिशवीवरचं ‘विषाणुमुक्त’ खोडलं जाऊ लागलं.

धाकटी कामावर परतली. भाऊजी मात्र तिच्याशी बोलेनात. ती दोन हात अंतरावर उभी असली तरी ताईकडे तोंड करून म्हणायचे, “तिला सांग, दोन दुकानं कायमची तुटली. आता तरी जरा जपून बोलावं.”

“त्यांना सांग, ताई,” ती डिशवर नाव टाकता टाकता म्हणायची, “कुणी विचारलं, तर पुन्हा सांगेन.”