नसलेल्या पुस्तकाची नोंद

मी एक जुनी, जाड पुठ्ठ्याची, दोनशे पानी वही आहे. माझा जन्म एका छोट्या बांधणीखान्यात झाला. तिथे माझी पाने एकत्र शिवली, पाठीला कापडाची पट्टी चिकटवली आणि दोन दिवस मला वजनाखाली दाबून ठेवले. मग मी एका चष्म्याच्या दुकानात आले.

मित्रांनो, हे दुकान रविवारी गिऱ्हाइकांसाठी बंद असे. पण सकाळी नऊ वाजता मागच्या खोलीत चारजण जमत. भिंगे घासायच्या यंत्राशेजारी एक लाकडी मेज होते. त्यावर चहाचे कप आणि मी. आठवड्यात काय वाचले ते प्रत्येकाने सांगायचे, आवडले असेल तर माझ्यात लिहायचे आणि दुसऱ्याने ते वाचून पाहायचे, एवढाच त्यांचा छंद.

दुकानाचे मालक, चष्मेवाले काका, प्रवासवर्णने वाचत आणि नोंदीखाली पानांची संख्या लिहीत. बसड्रायव्हर काय वाटेल ते वाचे, पण लिहिताना दोन ओळींच्या पुढे जात नसे. शिवणकाम करणाऱ्या ताई कादंबऱ्या वाचत आणि नायिकेवर रागावल्या की पेन जोरात दाबत. चौथे गृहस्थ छापखान्यात मुद्रितशोधक होते. चाळीस वर्षे त्यांनी दुसऱ्यांच्या चुका काढल्या. निवृत्त झाल्यावरही ती खोड गेली नाही. चहाच्या पुड्यावरचे ऱ्हस्व-दीर्घही ते सोडत नसत, म्हणून सगळे त्यांना कानामात्रा म्हणत. त्यांनी सुचवलेले पुस्तक कधी वाया जात नाही, असा त्यांचा लौकिक होता.

पाच वर्षे हे सुरळीत चालले. मग कानामात्रांचे अक्षर बदलू लागले. आधी ते मोठे झाले. नंतर ओळी रेघ सोडून खाली उतरू लागल्या, एकदा तर ताईंच्या नोंदीवर चढल्या. लिहिताना त्यांचे नाक माझ्या पानाला लागे. हे मला कळत होते, पण वहीला सांगता येत नाही. बाकीचे म्हणत, वय झाले, हात थरथरतो.

याच काळात त्यांनी एका कादंबरीची नोंद केली. नदीवर नाव चालवणारी एक बाई असते. गावाला पूल मंजूर होतो. पूल बांधायला येणारे मजूर रोज तिच्याच नावेतून पलीकडे जातात. ताईंनी ही नोंद घरी जाऊन आपल्या थोरल्या बहिणीला सांगितली. आक्का पाय घसरून पडल्या होत्या, खुब्याचे हाड मोडले होते आणि कित्येक महिने त्यांची पाठ अंथरुणाला लागलेली होती. जेवणाखाण्यावरून मन उडालेल्या त्या बाईने त्या दिवशी प्रथमच काहीतरी मागितले. हे पुस्तक मला आणून दे, असे त्या म्हणाल्या.

ताईंनी तीन महिने शोध घेतला. चार वाचनालये पालथी घातली, जुन्या पुस्तकांच्या दुकानात धूळ खाल्ली. शेवटी एका रविवारी त्यांनी कानामात्रांना प्रकाशकाचे नाव विचारले. आठवत नाही, असे उत्तर आले.

"तुम्ही प्रकाशकाचं नाव विसरणाऱ्यातले नाही," ताई म्हणाल्या.

चष्मेवाले काका बराच वेळ माझी पाने उलटत होते. त्यांनी मला एका पानावर उघडून कानामात्रांच्या हातात दिले आणि ती नोंद वाचून दाखवायला सांगितले. कानामात्रांनी मला नीट धरले आणि नावेवरच्या बाईची नोंद शब्द न शब्द म्हणून दाखवली. त्या पानावर ड्रायव्हरच्या दोनच ओळी होत्या.

काकांनी मला त्यांच्या हातातून हळूच काढून घेतले. त्यावरून कानामात्रांना काय ते समजले असावे.

"दीड वर्ष झालं," ते म्हणाले. "मधोमध काळं दिसतं. कडेनं माणसं दिसतात, अक्षरं नाही. डॉक्टर म्हणाले, चष्म्यानं भागणार नाही."

काकांनी विचारले, माझ्याच दुकानात बसून मला का सांगितले नाही?

"इथं येणारा प्रत्येकजण काय वाचलं ते सांगतो. मी काय सांगणार होतो?"

नावेवरची बाई त्यांनी मनाने रचली होती. तिच्या आधीची सहा पुस्तकेही; ती मिळाली नाहीत म्हणून कुणी फारसे शोधले नव्हते. ताईंना दया आली नाही. आक्काला आता काय तोंड दाखवू, एवढे विचारून त्या निघून गेल्या. पुढचे दोन रविवार त्या आल्या नाहीत, कानामात्राही आले नाहीत. मला कुणी उघडले नाही. काका आणि ड्रायव्हर चहा पिऊन उठत.

तिसऱ्या रविवारी ताई आल्या. चेहरा अजून घट्टच होता. आक्कांनी निरोप दिला होता: "पुस्तक नसेल तर माणूस पाठव."

ड्रायव्हर कानामात्रांना हाताला धरून घेऊन आला आणि त्याच सकाळी आक्कांकडे घेऊन गेला. पिशवीत मीही होते. आक्का उशांना टेकून बसल्या होत्या. एके काळी त्या टेलिफोन ऑफिसात होत्या, त्यामुळे ऐकताऐकता लिहायची त्यांना सवय होती. त्यांनी माझी मागची कोरी पाने मागून घेतली. कानामात्रा दर बुधवारी येऊन एकेक प्रकरण सांगू लागले, आक्का लिहू लागल्या. ताई शिवणयंत्रावर बसून ऐकत. तिसऱ्या बुधवारी त्यांनी कानामात्रांसाठी न विचारता चहा टाकला.

अकराव्या बुधवारी गोष्ट संपली. पूल झाला, बाई नाव विकून गाव सोडून गेली. आक्कांनी पेन खाली ठेवले.

"हे नाही पटलं मला. ती कशाला जाईल? नाव तिची, नदी तिची. बदला."

चाळीस वर्षे दुसऱ्यांचे लेखन दुरुस्त करणारा तो माणूस हसला आणि म्हणाला, "खोडा. पुन्हा सांगतो."

मित्रांनो, मी आता भरले आहे. मेजावर नवी वही आली आहे. कानामात्रांना आता तिघे आळीपाळीने वाचून दाखवतात आणि त्यांचे मत ताई लिहून घेतात. आक्का काठी टेकत रविवारी येऊ लागल्या आहेत. मी आक्कांच्या उशाशी असते. माझी शिवण सैल झाली आहे, मला जपून उघडा आणि ओलीपासून दूर ठेवा. आणि तुमच्या मित्राचे अक्षर कधी रेघ सोडून खाली उतरू लागले, तर त्याला हसू नका. त्याच्या शेजारी बसा आणि विचारा.