काजळीतली पांढरी कड

बाटली स्वच्छ धुऊन, पुसून उपडी ठेवलेली होती.

"यातलं औषध कुठाय?" दवाखान्यातली तपासण्या करणाऱ्या चंद्रप्रभानं विचारलं.

"खंडेनवमीला सगळं धुतलं की, बाई," अंबादास शिपाई कौतुकानं म्हणाला. "वर साय धरली होती, खाली गाळ. नासलं म्हणून मोरीत ओतलं. नवीन करून ठेवलंय बघा, कसं निळंशार!"

त्याला बोलून तरी काय उपयोग? खंडेनवमीला शेतकरी नांगर धुतो, शिंपी शिवणयंत्र पुसतो. तुळजापूरच्या या लहानशा दवाखान्यात अंबादासनं सूक्ष्मदर्शकाला हळदकुंकू वाहिलं आणि बाटल्या लख्ख केल्या. पण तो निळा रंग तिनं वर्षभर हवा लावून मुद्दाम पिकवला होता. पिकलेल्या रंगातच काळपुळीच्या, म्हणजे अँथ्रॅक्सच्या, जंतूभोवतीचं कवच गुलाबी दिसतं. ताज्या रंगात दिसते ती नुसती निळी कांडी, आणि तशा कांड्या मातीतल्या निरुपद्रवी जंतूंच्याही असतात.

शेजारच्या खोलीत स्टोव्हवर चाकू उकळत होता.

जळकोटची हरणाबाई बाकावर बसली होती. मनगटावर काळ्या खपलीचा फोड, हात कोपरापर्यंत टम्म. आठवड्यापूर्वी तिची मेंढी उभ्या उभ्या कोसळून मेली आणि तिनं ती स्वतःच्या हातानं सोलली. डॉक्टर राघवेंद्रराव म्हणत होते, गळू आहे, चिरून पू काढू. चंद्रप्रभाला वाटत होतं, मेंढीच्या कातड्यातून जडलेली काळपुळी आहे. आणि काळपुळी चिरली तर विष अंगभर पसरणार.

"दुखतंय का, मावशी?"

"न्हाय ओ. त्याचंच तर नवल वाटाय लागलंय."

"ऐकलंत? गळू असतं तर ठणकलं असतं," चंद्रप्रभा डॉक्टरांना म्हणाली. "पेनिसिलिन देऊ या."

राघवेंद्ररावांनी निजामाच्या अमलापासून हजारो गळवं चिरली होती. "नुसत्या संशयावर पेनिसिलिन उधळायला हे मुंबईचं इस्पितळ नव्हे. तुमच्या हैदराबादेच्या पुस्तकातलं ते कवच दाखवा. पाणी आत्ताच उकळायला लागलंय. चाकू निर्जंतुक व्हायला वीस मिनिटं लागतात, तेवढा थांबतो."

कवच रंगवता येत नसेल, तर ते सोडून भोवतालचं सगळं रंगवायचं. मधोमध जे कोरं राहील ते कवच. पण कचेरीतली शाई पाण्यात विरघळलेली. ती कवचातही शिरेल. शाईत काजळीचे कण हवेत, जे कवचापाशी अडतील.

"अंबादास, काजळ घोटून केलेली शाई कुणाकडं मिळेल?"

"दत्तोपंत पुजाऱ्यांकडं. यजमानांची नावं अजून बोरूनंच लिहितात. पण ते दौतीला हात लावू देत न्हाईत हो."

"बाईचा हात वाचवायचाय म्हणावं. पळा."

तो धापा टाकत परतला तेव्हा बारा मिनिटं गेली होती. तिनं शाई फडक्यातून गाळली, फोडातल्या पाण्याच्या थेंबात मिसळली, वर पातळ काच ठेवली. भिंगाखाली नुसता अंधार. शाई दाट झाली होती. दुसऱ्या काचपट्टीवर तिनं शाई पातळ केली आणि सवयीनं पट्टी वाळवायला ज्योतीकडं नेली. मध्येच हात थांबला. उष्णतेनं कवच आकसतं. पट्टी ओलीच बघायला हवी.

करड्या अंधारात कांड्यांची माळ होती. माळेच्या दोन्ही अंगांना, शाई जिथं पोचू शकली नव्हती तिथं, सलग पांढरी कड होती.

राघवेंद्ररावांनी बराच वेळ भिंगाला डोळा लावला.

"शाई आकसली की कशाभोवतीही अशी फट पडते," ते म्हणाले. "चाकू उकळून झालाय, बाई."

शंका खोटी नव्हती. त्यांच्या जागी तिनंही हेच विचारलं असतं. आता उलटा पुरावा हवा होता: कवच नसलेली कांडी, हीच शाई.

"अंबादास, डब्यात दही आहे?"

"हाय की, भाकरीसंगं. पण बाई, आत्ता जेवायचं...?"

तिनं दह्याचा कण पाण्यात कालवून शाईत मिसळला. "बघा, डॉक्टरसाहेब. दह्यातल्या जंतूंच्याही कांड्याच असतात."

डॉक्टरांनी दह्याची पट्टी पाहिली. शाई कांड्यांना थेट चिकटली होती. त्यांनी पहिली पट्टी परत लावली. मग दह्याची. मग पुन्हा पहिली.

ते उठले, शेजारच्या खोलीत गेले. स्टोव्हची हवा सुटल्याचा आवाज आला.

"पेनिसिलिन काढा," ते आतूनच म्हणाले.

"मंजे कापत न्हाईत व्हय?" हरणाबाईनं विचारलं.

"नाही, मावशी."

"मग माझ्या हाताचं दुखणं दह्यात काय हुडकत व्हतात?"

राघवेंद्रराव पिचकारी घेऊन दारात आले. "ते या बाईंना विचारा. मलाही आत्ताच कळलं."

चंद्रप्रभानं हरणाबाईच्या दंडाला स्पिरिटचा बोळा लावला. "मावशी, त्या मेंढीचं कातडं कुठंय?"

"घरीच हाय की. सून खरवडाय बसलीया सकाळधरनं."

डॉक्टरांनी सुई दिली, बोळा दाबून धरला आणि मान वळवली.

"अंबादास, जळकोटाकडं मोटार कधी आहे ते बघ. बाई, तुम्ही औषधाची पेटी भरा. मीही येतो."