ब्रदर सिलासचं सोनेरी पाणी

"हलेलुया! पाहा, सोनं उगवलं!"

ब्रदर सिलासने पोराच्या डोक्यावरचं फडकं ओढलं आणि किनाऱ्यावर जमलेलं अख्खं गाव उठून उभं राहिलं. सकाळपर्यंत काळेभोर असलेले त्या पोराचे केस आता नारळाच्या काथ्यासारखे पिवळे झाले होते. बायका रडत होत्या, म्हातारे हात जोडत होते, आणि पाठीमागे ब्रदरच्या जेवणासाठी तापल्या दगडांखाली डुक्कर शिजत होतं.

थेक्ला तेवढी बसून राहिली. गावच्या शाळेत ती शिकवायची. तिचे केस जन्मापासूनच सोनेरी, त्यांच्या मलईता बेटावर कितीतरी सावळ्या लोकांचे असतात तसे.

"सोनेरी केसांनी रोग जातात म्हणे!" तिने सुपारीची लाल पिंक टाकली. "मला दरवर्षी मलेरिया होतो. दाढा पडल्या, गुडघ्याचं तर विचारूच नका!"

पण ऐकतो कोण? ब्रदरची टकळी सुरूच होती. "बंधू-भगिनींनो, तुमच्या रक्तात अक्षरं आहेत! डीएनए! मी नाही, विज्ञान म्हणतंय! त्यांत पाप शिरलं की रोग होतो. माझं पाणी ती अक्षरं नव्याने लिहितं. खूण काय? केस सोन्याचे होतात!" विज्ञानाचं नाव घेतलं की लोकांना गंडवायला सोपं जातं, हे त्या भामट्याला पक्कं ठाऊक होतं.

थेक्लाने हे सगळं हसण्यावारी नेलं असतं. पण तिची भाची मोरिना सात वर्षांची, थॅलेसेमियाची रोगी. तिच्या अंगात रक्त धड तयारच व्हायचं नाही. दर महिन्याला होडीने औकीच्या इस्पितळात न्यायचं, रक्त चढवून आणायचं. पंधरवड्यापूर्वी सिलासने तिच्याही डोक्याला पाणी लावलं होतं.

"जेनिस्टा, दुपारची होडी निघेल. पोरीला तयार कर," थेक्ला भावजयीला म्हणाली.

"कशाला, वन्सं? बरी झाली ती. केस दिसत नाहीत का तुम्हाला?"

"ओठ दिसतायत मला! पांढरे फटक पडलेत. पोर हातची जाईल गं!"

"महिन्याच्या महिन्याला सुया टोचून घेते माझी लेक. आता कुठे सुटली. तुम्हाला बघवत नाही होय?"

थेक्लाच्या डोळ्यांत पाणी आलं, आणि त्याहून जास्त राग आला. ती तरातरा शिजत्या डुकराकडे गेली. बाजूला त्याच्या शेपटीचा काळा झुबका पडला होता. तिने तो लाल चिंधीने बांधला आणि थेट ब्रदरपुढे जाऊन उभी राहिली.

"ब्रदर, एक गरीब जीव आहे. उठून यायची ताकद नाही त्याच्यात. ही त्याची बट."

"प्रभूला अंतर आडवं येत नाही, भगिनी! कधीपासून आजारी?"

"आज पहाटेपासून फारच झालंय."

सिलासने बटेवर बाटली उपडी केली, फडक्यात गुंडाळून उन्हात ठेवली आणि गाणी सुरू केली. पुष्कळ वेळाने फडकं सोडलं, तर बट पिवळीधमक!

"हलेलुया! अक्षरं बदलली! मला दिसतोय तो. उठून बसलाय, जेवायला मागतोय!"

"मागत नाही हो, तोच जेवण झालाय," थेक्ला म्हणाली. "तिकडे दगडांखाली शिजतोय. ही त्याच्या शेपटीची बट."

क्षणभर कुणाला कळेना. मग एक म्हातारा खो खो हसत सुटला.

"सैतान बोलतोय हिच्या तोंडून!" सिलास किंचाळला.

थेक्लाने बाटली हुंगली. "पेरॉक्साइड! दवाखान्यात जखमेवर घालतात तेच, फक्त जास्त कडक. मेलेल्या डुकराचे केस पिवळे करतं, तसेच आपल्या पोरांचे. आता अक्षरांचं ऐका. अक्षरं आहेत, तेवढं हा चोर खरं बोलला. चारच अक्षरं, तीन-तीनांचा एक शब्द. एकेक शब्द सांगतो, पुढे कुठला मणी ओवायचा; सगळे शब्द मिळून माळेचा नमुना. माळ पुरी झाली की ते प्रथिन. कुठलं केसांना रंग आणतं, कुठलं रक्तातून प्राणवायू वाहून नेतं. माझ्या केसांच्या नमुन्यात एक अक्षर वेगळं, म्हणून एक मणी वेगळा. एवढंच माझं सोनं! मोरिनाच्या रक्ताच्या नमुन्यात मध्येच 'थांब' लिहिलं गेलंय. माळ अर्धीच राहते."

मग ती भावजयीकडे वळली. "जेनिस्टा, जन्मभर तू शिंपल्यांच्या माळा ओवल्यास. डोक्यावर उगवलेला केस म्हणजे ओवून झालेली माळच. आज नमुना बदलला, तर काल ओवलेली माळ बदलते का?"

"छे! पुढची बदलते," जेनिस्टा म्हणाली, आणि तिचा चेहराच उतरला.

तिने मोरिनाला जवळ ओढलं, केस बाजूला सारले. मुळाशी काळेच केस फुटत होते.

"अगं बाई! जुनाच नमुना चाललाय, वन्सं... आतही!" तिने लेकीला कडेवर उचललं. "होडी थांबवा! कुणीतरी थांबवा ती होडी!"

डुक्कर गावानेच खाल्लं. ब्रदर न जेवताच पळाला होता.

औकीला रक्ताची पिशवी निम्मी झाली तेव्हा मोरिनाच्या ओठांवर रंग आला. जेनिस्टा तिचे पाय चेपत होती. "ते बाबा तर तुमच्या शास्त्राचंच बोलायचे, वन्सं. आम्ही ओळखायचं कसं?"

"शास्त्रातले शब्द कुणीही चोरतो," थेक्ला म्हणाली. "आपण म्हणायचं, मी सांगते तसं करून दाखव. खरा माणूस दाखवतो. खोटा शिव्या देतो. आणि काहीही झालं तरी पोरीचं औषध बंद करायचं नाही."

जेनिस्टाने मान हलवली आणि पुढच्या महिन्याची होडी कधी, ते विचारलं.